मुदतीपूर्वीं सोडलेला विमा

तीन वर्षें हप्ते भरून थकलेला गृहस्थ विमा सोडण्यासाठीं कचेरींत जातो, आणि साठ हजारांपैकीं एकवीस हजारच परत मिळतील असें ऐकून थक्क होतो. कंपनीनें लुबाडलें, हा त्याचा पहिला तर्क. तो सर्वस्वीं खरा नाहीं. सर्वस्वीं खोटाहि नाहीं.

आयुष्याच्या विम्याचा हप्ता दरवर्षीं सारखाच असतो. मृत्यूचें भय मात्र वयाबरोबर वाढतें. म्हणून विमेदार तरुणपणीं त्या वर्षाच्या जोखमीस लागेल त्याहून अधिक देतो, उतारवयांत कमी. गणितज्ञ जेम्स डॉडसन यानें बसविलेली ही रीत १७६२ सालीं लंडनमध्यें निघालेल्या इक्विटेबल संस्थेनें व्यवहारांत आणली. आरंभीं जादा आलेला पैसा सांचतो तो राखीव निधि. विमेदार मध्येंच निघून गेला तर हा निधि कोणाचा? पुष्कळ कंपन्यांचें जुनें उत्तर सरळ होतें : आमचा. हप्ता चुकला कीं करार बुडाला.

१८४४ सालीं एलिझर राइट हा अमेरिकन गृहस्थ लंडनला गेला. ला फोंतेनच्या नीतिकथांचें आपण केलेलें भाषांतर खपविणें हा त्याचा एक हेतु. पण रॉयल एक्स्चेंजमध्यें त्याच्या दृष्टीस पडला तो वृद्धांच्या पॉलिसींचा लिलाव. हप्ते भरण्याचें त्राण न उरलेले म्हातारे पॉलिसी विकीत. घेणारा पुढचे हप्ते भरून त्यांच्या मरणाची वाट पाही. राइट हा गुलामगिरीविरुद्ध झगडणारा कार्यकर्ता. माणसांचा बाजार म्हणजे काय, हें त्यास कोणी सांगावयास नको होतें. १८५८ सालीं तो मॅसॅच्युसेट्स राज्याचा विमा-आयुक्त झाला. तेथील १८६१ च्या कायद्यानें, हप्ता चुकला तरी निधीच्या चार-पंचमांशांतून विमा कांहीं काळ चालू ठेवणें कंपन्यांस भाग पडलें. रोख परताव्याचा कायदा होण्यास १८८० साल उजाडलें. तोंवर राइटनें पंचाहत्तरी ओलांडली होती.

भारतांत १९३८ च्या विमा कायद्याच्या ११३ व्या कलमानें तीन वर्षांचे हप्ते भरलेल्या पॉलिसीस समर्पणमूल्य, म्हणजे व्यवहारांतली 'सरेंडर व्हॅल्यू', दिलें. २०१९ च्या नियमांनीं ही अट दोन वर्षांवर आणली. पारंपरिक बचतीच्या पॉलिसींत हमीचा किमान आंकडा भरलेल्या हप्त्यांच्या दुसऱ्या वर्षीं ३०, तिसऱ्या वर्षीं ३५ व चौथ्या ते सातव्या वर्षीं ५० टक्के असा ठरला. वीस हजारांच्या तीन हप्त्यांचे एकवीस हजार होतात ते या किमान आंकड्यानें. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांखालीं पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरून वर्ष पुरें झालें कीं 'विशेष' समर्पणमूल्याचा हक्क येतो.

मग उरलेले पैसे गेले कोठें? एजंटाची दलाली, वैद्यकीय तपासणी, मुद्रांक हा खर्च बव्हंशीं आरंभींच होतो. आणि एवढीं वर्षें मृत्यूची जोखीम कंपनीनें वाहिलेलीच असते. जाणारानें हा भार सोसला नाहीं तर तो राहणारांच्या माथीं बसेल. येथवर कंपनीचें म्हणणें रास्त. पण दलाली भरमसाट द्यावयाची आणि मग खर्चाची सबब सांगावयाची, हें तिला शोभत नाहीं.

निव्वळ टर्म विम्यांत निधि फारसा सांचत नाहीं, म्हणून सोडतांना बहुधा कांहींच हातीं येत नाहीं. नवी पॉलिसी हातीं पडल्यापासून तीस दिवसांत परत केली, तर मात्र तेवढ्या दिवसांची जोखीम, तपासणी व मुद्रांक एवढेंच कापून हप्ता परत मिळतो. तो काळ टळला असेल तरी पॉलिसी मोडणें हा एकच मार्ग नव्हे. वीस वर्षांच्या पांच लाखांच्या पॉलिसीचे चार वर्षांचे हप्ते भरले असतील, तर ती 'पेड-अप' करून साधारण एक लाखाचा विमा पुढील हप्त्यांवांचून राखतां येतो. अडचण तात्पुरती असल्यास पॉलिसीवर कर्जहि निघतें. सही करण्यापूर्वीं हे तिन्ही आंकडे कचेरींतून लेखी मागून घ्यावे. कंपनी टाळूं लागल्यास प्रथम तिच्याच तक्रार-अधिकाऱ्याकडे लिहावें. महिन्याभरांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावें. त्याचीं कार्यालयें मुंबईस व पुण्यासहि आहेत, आणि तेथें तक्रारीस फी पडत नाहीं.