पळणाऱ्या लेकीचं ताट

पोलीस भरतीसाठी, मॅरेथॉनसाठी आपल्या मुली आता पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात. आम्हाला बघून बरं वाटतं. पळून पिशवी खाली सरकते, असं काही जणी अजून म्हणतात. तसं होत नाही. पण बाईला लांब पळणं झेपणार नाही, ही भीती जगभर होती. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची मॅरेथॉन १८९६ ची, बायकांची थेट १९८४ ची!

आमची काळजी वेगळी आहे. रोज आठ-दहा किलोमीटर पळणाऱ्या मुलीची पाळी थांबली, तर ‘बरं झालं, कटकट गेली’ म्हणू नका. पळण्यात जेवढी ताकद जाते तेवढं अन्न पोटात गेलं नाही, की शरीर पाळी बंद करून ताकद वाचवतं. मग हाडं कमजोर होतात, नडगीच्या हाडाला बारीक चीर पडते. एकाच जागी बोट दाबल्यावर कळ येत असेल, तर तेल चोळत बसू नका. पळणं थांबवा, डॉक्टरांना दाखवा. तीन महिने पाळी नाही आली, तरी दाखवा.

धाप लागते, पाय ओढत चालते, म्हणून पोरीला आळशी ठरवू नका. पाळीत रक्त जातं, घामातून थोडं लोह जातं. आधी उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासा. बाराच्या खाली म्हणजे रक्त कमी. जेवणाबरोबर चहा नको, उसळीवर लिंबू पिळा.

आणि पळून आल्यावर तिला लगेच खायला द्या. भाकरी, उसळ, अंडं, शेंगदाणे-गूळ, जे घरात असेल ते. पुरुषांची पंगत उठेपर्यंत तिला थांबवू नका.