नोटीस फळ्यावर होती





सुलतानपूरला उतरून लोणारकडे जाणारा रस्ता मी नोकरीच्या दिवसांपासून ओळखतो. आता समृद्धी महामार्गही आपल्या मेहकर, लोणार, सिंदखेडराजा तालुक्यांतून गेला. जमीन मोजायला माणसे आली की काय होते, हे इथल्या पोरांना पुस्तकात वाचावे लागत नाही. कुणाच्या शेताचे दोन तुकडे झाले, कुणी मोबदल्यातून घर बांधले. पण मोजणीवाले येण्याच्या कितीतरी आधी कागदावर जे घडते, ते आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असते. आज तेवढेच सांगायला आलो आहे. आधी माझी एक चूक सांगतो.

मी नगररचनेच्या कामात ट्रेसर होतो. साहेब आखून देतील तो नकाशा स्वच्छ शाईने उतरवून काढायचा, एवढेच माझे काम. एकदा एका नगरपालिकेचा विकास आराखडा माझ्या टेबलावर आला. शहराचे नाव सांगत नाही. त्यात एक नवा रस्ता कब्रस्तानच्या पुढच्या पट्ट्यातून गेला होता. मूळ नकाशा जुना होता आणि त्यात तो पट्टा मोकळी जागा म्हणून दाखवला होता. तिथे माझ्या नानीची कबर आहे, हे मला माहीत होते. मी साहेबांना भीत भीत सांगितले. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचे. पण हरकत आली की दुरुस्त होईल. लोकांना लिहून द्यायला सांगा."

मी सांगितले नाही. सरकारी नोकर, उगाच नाव येईल, ही भीती. आराखडा प्रसिद्ध झाला, पेपरात जाहिरात आली, पालिकेच्या फळ्यावर नोटीस लागली. त्यात गुप्त असे काहीच नव्हते. जुम्याच्या नमाजनंतर मी एका वाक्यात सांगू शकलो असतो. मुदत संपली आणि कब्रस्तानबद्दल एकही हरकत आली नाही. पुढे सहा महिन्यांनी मोहल्ल्याला कळले, तेव्हा मोठा मोर्चा निघाला, निवेदन दिले, फोटो छापून आले. पण सुनावणी होऊन गेली होती.

आता हे काम चालते कसे, ते बघू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा आहे. या कायद्याप्रमाणे नगरपालिका आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. मग आज कुठे काय आहे, त्याचा भूवापर नकाशा तयार होतो. मग प्रारूप आराखडा. त्यात रंग असतात: पिवळा म्हणजे राहण्यासाठी, निळा व्यापारासाठी, जांभळा उद्योगासाठी, हिरवा शेतीसाठी. शिवाय शाळा, दवाखाना, बाग, रस्ता यांची आरक्षणे. तुमच्या सात-बाऱ्यावर काही बदलत नाही, पण जमिनीचे नशीब त्या रंगाने बदलते. हिरव्याचे पिवळे झाले की एकराचा भाव वाढतो. पिवळ्यावर आरक्षण पडले की घर बांधायची परवानगी अडते.

कलम २६ प्रमाणे हा प्रारूप प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. नगरपालिकांना साधारण ३० दिवस असतात, मोठ्या महानगरपालिकांच्या आराखड्यांना ६० दिवसही मिळाले आहेत. नोटिशीत छापलेली तारीख हीच खरी धरा. मग कलम २८ प्रमाणे नियोजन समिती सुनावणी घेते. मुदतीत लेखी हरकत देणाऱ्याला तिथे बोलावणे येते. न लिहिणाऱ्याला येत नाही. तो कितीही मोठा पुढारी असो. त्यानंतर आराखडा शासनाकडे मंजुरीला जातो. मंजूर झाल्यावरही बदल होतात. कलम ३७ खाली एखाद्या जमिनीचा वापर बदलता येतो आणि त्यासाठीही महिनाभराची नोटीस काढावी लागते. या छोट्या नोटिशीच सर्वांत कमी वाचल्या जातात. आणि आरक्षण पडलेली जमीन पालिकेने १० वर्षांत घेतलीच नाही, तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो. हेही कित्येकांना माहीत नसते.

तुम्ही म्हणाल, चाचा, कागद लिहून काय होते? मुंबईचे उदाहरण घ्या. २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चुका निघाल्या. आहे त्या जागी आहे ती वास्तू नाही, रस्ते भलतीकडून गेलेले. लोकांनी वॉर्डावॉर्डात नकाशे उघडून हजारोंनी हरकती लिहिल्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी आराखडा दुरुस्त करायला सांगितले. २०१६ मध्ये नवा प्रारूप आला आणि मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. लोकांना हवे ते सगळे मिळाले असे नाही, पण पहिला कागद तसाच्या तसा पुढे गेला नाही.

दुसरी सुनावणी पर्यावरणाची. खाण, कारखाना, नवा मोठा महामार्ग अशा प्रकल्पांना १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. प्रकल्पवाला पाणी, हवा, जमीन, गावे यांवर काय परिणाम होईल याचा अहवाल करतो. हे लक्षात ठेवा, अहवाल करून घेणारा तोच असतो. म्हणून तर तुमचे म्हणणे लागते. जनसुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवते. किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रांत जाहिरात द्यावी लागते, त्यातले एक वृत्तपत्र स्थानिक भाषेतले. अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत बघायला मिळाला पाहिजे, त्याचा सारांश मराठीत मिळाला पाहिजे. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो. सगळ्याचे चित्रीकरण होते आणि शेवटी इतिवृत्त तिथेच वाचून दाखवावे लागते.

इथे आपली मोठी गफलत होते. जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. हात वर करून प्रकल्प पडत नाही. आणि गणपूर्तीची अटही नाही, पाच माणसे आली तरी सुनावणी पूर्ण होते. म्हणून बहिष्कार टाकून घरी बसलात, तर इतिवृत्तात तुमचे गाव कोरे राहते. ५०० जणांच्या घोषणेपेक्षा एका बाईने सांगितलेले, "माझी विहीर गट नंबर अमुकमध्ये आहे, खाणीपासून इतक्या अंतरावर आहे, आणि अहवालात ती दाखवलेली नाही," हे वजनदार. त्याचे उत्तर प्रकल्पवाल्याला द्यावे लागते. काही प्रकल्पांना, म्हणजे बी-२ वर्गातल्यांना आणि इमारत प्रकल्पांना, जनसुनावणी नसतेच. आणि मंजुरी मिळाल्यावर दाद मागायची, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात ३० दिवसांत जावे लागते. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत उशीर माफ होऊ शकतो. आपल्यासाठी त्याचे खंडपीठ पुण्यात आहे.

भाषेचे म्हणाल, तर २०२० मध्ये केंद्राने या अधिसूचनेचा नवा मसुदा इंग्रजी-हिंदीत काढला होता. एक माणूस दिल्ली उच्च न्यायालयात गेला. ३० जून २०२० रोजी न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत उपलब्ध करायला सांगितले. त्या २२ मध्ये मराठीही आहे आणि उर्दूही. कळत नाही म्हणून गप्प बसू नका, कळेल अशा भाषेत मागा.

हे सुलतानपूरला सांगण्याचे कारण शेजारी आहे. लोणार सरोवर अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर पाणथळ आहे. अशा अभयारण्याभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र आखतात, तेव्हा मसुद्यावर ६० दिवस म्हणणे मांडता येते. अशा वेळी एक टोळी म्हणते, "शेती बंद होणार." दुसरी म्हणते, "काही फरक नाही." दोघांचेही ऐकू नका. मसुदा काढा, त्यातली बंदी, नियमन आणि मुभा यांची यादी वाचा, आपला गट नंबर शोधा, मग बोला.

हरकत लिहायची कशी? एका पानात. नोटिशीचा क्रमांक आणि तारीख. आपला गट किंवा सर्व्हे नंबर. नकाशात काय दाखवले आहे आणि जागेवर काय आहे. पुरावा: सात-बारा, फोटो, जुनी पावती. शेवटी काय हवे ते नेमके, म्हणजे रस्ता किती मीटर कुठे सरकवावा. "आमच्या भावना दुखावल्या" हे शेवटी लिहा, पहिल्या ओळीत पुरावा लिहा. आवक क्रमांकाची पोच घ्या. शक्य असेल तर प्रत्येकाने वेगळा अर्ज द्या.

आता माझी गोष्ट पुरी करतो. मोर्चानंतर नऊ वर्षे कागद फिरले. अखेर कलम ३७ खाली रस्ता सरकला. नानीची कबर वाचली. मोहल्ल्यात मिठाई वाटली, मीही खाल्ली. पण रस्ता सरकला तो पलीकडच्या दोन घरांच्या अंगणात. ती घरे आपल्या मोहल्ल्यातली नव्हती. त्यांची हरकत आली नाही, कारण महिनाभराची ती नोटीस त्यांनी वाचलीच नव्हती. आम्ही मात्र रोज वाचत होतो. आमच्यातल्या एकानेही त्यांचे दार वाजवून सांगितले नाही. मीही नाही. मोहल्ल्याने मला माफ केले असेल, त्या दोन घरांची मात्र मी माफीसुद्धा मागितलेली नाही.

म्हणून तुमच्याकडे एवढेच मागतो. गावातून दोघे जण, एक मुलगा आणि एक मुलगी, महिन्यातून एकदा ग्रामपंचायत, तहसील आणि लोणार नगरपालिकेचा फळा बघून येतील. जे लागले असेल ते मशिदीत सांगा, तितक्याच आवाजात पारावरही सांगा. ज्याचे अंगण जाणार आहे, त्याला आधी सांगा. तो कोण आहे हे मग विचारा.