नाणेघाटातील लेणे कोणाचे?
(डोळखांब येथे धम्म सहलीच्या पूर्वसंध्येस उपासक-उपासिकांपुढे केलेले भाषण)



उद्या पहाटे आपण येथून निघून मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गाठणार, नाणेघाट चढून घाटघरास जाणार आणि तेथून जुन्नरला मुक्काम करणार आहोत. आपल्यापैकी बरीच कुटुंबे दीक्षा घेऊन वर्षही झाले नाही अशी आहेत. म्हणून निघण्यापूर्वी चार शब्द सांगणे मला अगत्याचे वाटते.

एका तरुण बांधवाने मला विचारले की, घाटातील लेण्यात पंचरंगी ध्वज लावून फोटो घ्यावा काय? त्याच्या मनातील उत्साह मी जाणतो. परंतु ते लेणे विहार नव्हे, हे मला त्यास सांगावे लागले.

सोपारा व कल्याण या बंदरांतून माल चढे, तो याच खिंडीतून जुन्नरला व पुढे पैठणला जाई. डोंगराची धार जेथे तुटली आहे तेथे कातळ फोडून व पायऱ्या बसवून वाट केली आहे. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे लोक सांगतात. वाटेशेजारी चौकोनी दालन कोरलेले असून त्यात बसावयास ओटे आहेत. तेथे स्तूप नाही, भिक्षूंच्या निवासाच्या खोल्यांची रांग नाही. भिंतींवर ब्राह्मी लिपीत मोठा लेख आहे. इ. स. १८२८ मध्ये कर्नल साइक्स याने तो पाहिला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी व ब्यूहलर यांनी त्याचे वाचन केले. तो सातवाहन राणी नागनिका हिचा लेख होय. त्यात इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य व लोकपाल यांना वंदन आहे. अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची व त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापणांची गणती आहे. ती गणती अंकांत लिहिलेली आहे आणि आपल्या देशातील अंकलेखनाच्या अतिप्राचीन नमुन्यांत तिची गणना होते. मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज नावे उरली आहेत, प्रतिमांचे जेमतेम पाय उरले आहेत. ज्या वाटेने प्रत्येक व्यापारी जाणार, त्याच वाटेवर राजसत्तेने आपला महिमा कोरविला!

तर मग आपण तेथे कशास जावयाचे? बाहेरील पाण्याची टाकी पाहावयास. त्यांपैकी एका टाक्यावर कोरले आहे की, ही पोढी सोपाऱ्याच्या गोविंददासाचा देयधर्म होय. राणीच्या लेखापुढे ही ओळ किती लहान! परंतु पाणी सर्वांसाठी होते. पाण्यासाठी महाडला सत्याग्रह करावा लागलेल्या समाजाने त्या टाक्यापाशी क्षणभर थांबावे, असे मला वाटते.

दुसऱ्या दिवशी लेण्याद्रीस जाऊ. तेथील चैत्यगृह मात्र निःसंशय बौद्धांचे आहे. खांबांच्या दोन ओळी, शेवटी अर्धवर्तुळाकार भाग, त्यात स्तूप आणि वर लाकडी वाशांप्रमाणे कोरलेल्या दगडी कमानी. जुन्या लाकडी बांधणीची सवय कारागिरांच्या हातांतून गेली नव्हती, हेच ते वासे सांगतात. त्या चैत्यगृहाचा दाता कल्याणचा सुलसदत्त असे लेखात आहे. शेजारच्या मोठ्या दालनास वीस खोल्या आहेत. तो भिक्षूंचा विहार होय. आज तेथे गणपतीची पूजा होते. तेथे कोणाशी वाद घालू नये. दर्शनास आलेला शेतकरी आपला शत्रू नव्हे. खोल्या मोजाव्या, दगडी ओटे पाहावे, मुलांना दाखवावे. हक्काची गोष्ट निघालीच तर ती पुराव्याने व कायद्याने बोलावी.

जुन्नरच्याच लेखांत बांबूचे काम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींकडे दानाचा पैसा ठेव म्हणून ठेविल्याची नोंद आहे. कान्हेरीस तर कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने वाट बांधून दिल्याचा लेख आहे. पुढे ज्या धंद्यांना हलके ठरविण्यात आले, त्या धंद्यांतील माणसांच्या हाती संघाचा पैसा निर्धास्तपणे सोपविला जात होता. मला राणीच्या यज्ञांपेक्षा हा लोहार अधिक मोलाचा वाटतो. हा माझा पक्षपात समजा!

"सगळी लेणी आमचीच" असे म्हणू नये ते याचसाठी. नाणेघाटाच्या बाबतीत आपण खोटे बोललो, तर लेण्याद्रीविषयी आपले खरेही कोणी ऐकणार नाही. आणि "ही सारी पांडवांनी एका रात्रीत कोरली" असे कोणी म्हणाल्यास त्यास नंद लोहाराची ओळ सांगावी.

अक्षरांत खडू भरू नये, शेंदूर वा निळा रंग काहीही लावू नये, टाक्यात पाय धुऊ नयेत. चढ कातळाचा आहे. म्हाताऱ्या मंडळींबरोबर दोन तरुणांनी राहावे. उन्हे तापण्यापूर्वी वर पोहोचावयाचे आहे, म्हणून गाडी पहाटे पाच वाजता विहारासमोरून सुटेल. भाकरी प्रत्येकाने बांधून आणावी.