शेक आणि नवे हृदय



सावेडीत माझा दवाखाना आहे. एका संध्याकाळी ओळखीचे एक निवृत्त गुरुजी घाईघाईने आत आले. त्यांच्या अमेरिकेतल्या मुलाचे हृदयप्रत्यारोपण झालेले. आता तिथले डॉक्टर त्याला शेक देणार, असा फोन आला होता. गुरुजींचा आवाज कापत होता. "डॉक्टरसाहेब, खरं सांगा, पोराला कॅन्सर झाला का?"

किरणोपचाराला आपल्याकडे शेक म्हणतात आणि शेक म्हटला की कर्करोगच आठवतो. गुरुजींना जे सांगितले, तेच आज आपल्याला सांगतो.

रक्तातल्या टी-पेशी हे शरीराचे पहारेकरी. ते जंतूंवर धावून जातात, तसे परक्या हृदयावरही जातात. त्यांना फार दडपले तर जंतूंचे फावते. डिसेंबर 1967 मध्ये डॉ. बर्नार्ड यांनी केपटाऊनला पहिले मानवी हृदय बसवले, तो रुग्ण 18 दिवसांनी न्यूमोनियाने दगावला. फेब्रुवारी 1968 मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हे धाडस केले, पण रुग्ण काही तासच जगला. 1980 नंतर सायक्लोस्पोरिन हे औषध आले आणि चित्र पालटले. ऑगस्ट 2015 मध्ये पुण्याहून विमानाने आणलेले हृदय डॉ. अन्वय मुळे यांनी मुंबईत यशस्वीपणे बसवले.

तरीही काही रुग्णांत औषधे वाढवली, बदलली, तरी पहारेकरी ऐकत नाहीत. मानेतल्या शिरेतून हृदयाचा कणभर तुकडा काढून तपासला की दर वेळी तोच हल्ला दिसतो. अशा वेळी किरणांचा विचार होतो.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते. तशा गाठी मानेत, काखेत, छातीत, पोटातही असतात. या पहारेकऱ्यांच्या चौक्या. किरणांचा नेम या चौक्यांवर आणि प्लीहेवर असतो, हृदयावर नव्हे. फुप्फुसे आडोशाने झाकतात. ही पद्धत हॉजकिन्स या गाठींच्या कर्करोगावरून घेतलेली आहे. तिथे पूर्वी सुमारे 40 ग्रे मात्रा देत. इथे साधारण 8 ग्रे पुरते, तीही आठवड्यातून दोनदा, दहा हप्त्यांत.

बऱ्याच रुग्णांत यानंतर हल्ले कमी झाल्याचे आढळले आहे. पण हमी नाही. पांढऱ्या पेशी फार घटल्या तर शेक थांबवावा लागतो, जंतुसंसर्गाची भीती असते, आणि क्वचित पुढे रक्ताचा कर्करोगही होऊ शकतो. म्हणूनच हा पहिला उपाय नव्हे.

हे सारे ऐकून गुरुजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे कॅन्सर नाही. पण मी इथून काय करू?"

म्हटले, "गुरुजी, फोनवर रडू नका. रोज दोनच गोष्टी विचारा. गोळ्या वेळेवर घेतल्यास का? अंगात ताप नाही ना?"

त्यांनी खिशातली वही काढली आणि दोन्ही प्रश्न लिहून घेतले.