दहा पौंडांचं घर



आज एका घराची गोष्ट सांगते. घर दूर इंग्लंडमधलं आहे, पण त्याच्या भिंती कशाच्या आहेत ते ऐकलंत तर परकं वाटणार नाही.

इंग्लंडच्या दक्षिणेला ससेक्स भागात आल्फ्रिस्टन नावाचं गाव आहे. तिथे चर्चजवळ एक जुनं घर उभं आहे, ‘क्लर्जी हाउस’. वय सुमारे सहाशे वर्षं. हा काही राजवाडा नाही. खात्यापित्या शेतकऱ्याचं असावं तसं, शाकारलेल्या छपराचं घर.

अशा घरांचा सगळा भार लाकडी सांगाड्यावर असतो. ओकचं लाकूड ओलं असतानाच कापायचे, कारण वाळल्यावर ते फार टणक होतं. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला जीभ. दोन्ही एकमेकांत बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकायची. लाकूड वाळताना आवळतं आणि सांधा घट्ट होतो. खांबांच्या मधे काठ्या विणायच्या आणि वरून माती, गवत, शेण कालवून लिंपायचं. म्हणजे कोकणात आपण जिला कुडाची भिंत म्हणतो, तीच की!

मधली मोठी खोली थेट छपरापर्यंत मोकळी. जाळ खोलीच्या मधोमध जमिनीवरच असायचा. धुराडं नव्हतं, धूर छपरातूनच बाहेर जायचा. इथली जमीन खडूच्या दगडाचा चुरा ठोकून केलेली आहे आणि ती पक्की बसावी म्हणून वरून आंबट दूध लावलेलं आहे. आपण शेणाने सारवतो, त्यांनी दूध वापरलं.

एकोणिसाव्या शतकात या घराची पार दुर्दशा झाली. ते पाडायची परवानगीसुद्धा मिळाली होती. पण गावचे धर्मगुरू बेनन यांनी ते वाचवायचा ध्यास घेतला. जुन्या इमारती जपण्यासाठी विल्यम मॉरिस यांनी 1877 साली एक संस्था काढली होती. तिच्याकडे ते गेले आणि तिथून पुढे ‘नॅशनल ट्रस्ट’कडे. हा ट्रस्ट 1895 साली तिघांनी मिळून स्थापन केला होता. त्यातली एक बाई होती, ऑक्टेव्हिया हिल.

या बाईंचं काम बचत गटातल्या आपल्यासारख्यांना लगेच कळेल. लंडनच्या गरीब वस्तीतल्या घरांचा कारभार त्या पाहायच्या. दर आठवड्याला भाडं गोळा करायला बायकाच जायच्या. भाडं घेताना गळकं छप्पर, तुंबलेली मोरी बघायची आणि दुरुस्ती करून घ्यायची. पैशाचा हिशेब आणि घराची काळजी, दोन्ही एकाच फेरीत.

1896 साली ट्रस्टने क्लर्जी हाउस अवघ्या दहा पौंडांना विकत घेतलं. ट्रस्टने विकत घेतलेली ही पहिली इमारत. दुरुस्तीचा खर्च मात्र त्याच्या कितीतरी पट होता. त्यासाठी ऑक्टेव्हियाबाईंनी लोकांकडे पदर पसरला.

अशा दुरुस्तीची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. खांब बहुतेक करून खालून, ओलाव्याने कुजतो. तेव्हा अख्खा खांब काढायचा नाही. कुजलेला भाग तेवढा कापायचा आणि तिथे त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांध्याने जोडायचा. दुसरं म्हणजे, अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचा नाही. बारीक चिरांतून पाणी आत शिरतं, पण सिमेंटमुळे ते लवकर बाहेर पडत नाही. लाकूड आतल्या आत कुजतं आणि वरून भिंत ठणठणीत दिसते. चुन्याच्या गिलाव्यातून ओल सुकून जाते.

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत घरासाठी कर्ज मागायला बायका येतात, तेव्हा बऱ्याचदा घरात आधीच ठरलेलं असतं : जुनं पाडायचं. मातीच्या घराची लाज वाटते, हेही एक कारण असतं. नवीन बांधायचंच असेल तर जरूर बांधा. पण सही करण्याआधी जाणत्या सुताराला बोलवा. प्रत्येक खांब ठोकून बघायला सांगा. किती लाकूड खरंच कुजलंय, किती शाबूत आहे, छपराचं पाणी कुठे मुरतंय, ते लिहून काढा. मग दुरुस्तीचा आणि नव्या बांधकामाचा खर्च शेजारी शेजारी मांडा. कर्जाचे हप्ते आपल्यालाच फेडायचे आहेत, तेव्हा हा हिशेबही आपणच मागायला हवा.