काळ्या हिंदुस्थानची कादंबरी

ज्या श्रोत्यांनीं ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कथा वाचली असेल, त्यांतील फारच थोड्यांना त्याची १८७७ सालची एक कादंबरी ठाऊक असेल. तिच्या फ्रेंच नांवाचा अर्थ ‘काळा हिंदुस्थान’ असा होतो. हा हिंदुस्थान म्हणजे ब्रिटनमधील दगडी कोळशाच्या खाणी. पूर्वेकडील हिंदुस्थानापेक्षांहि कदाचित् त्यांनींच इंग्लंडच्या संपत्तींत अधिक भर घातली, असा व्हर्नचा अभिप्राय. नागपूर जिल्ह्यांतील उमरेड हें कोळशाचें गांव. तेथील वाचकानें ही कादंबरी हातीं घेतली, तर तिला निराळाच अर्थ येतो.

कथा स्कॉटलंडमधील आहे. कोळसा संपून दहा वर्षांपूर्वीं बंद पडलेल्या खाणींत एक वृद्ध मुकादम कुटुंबासह राहतो. त्याच्या चिकाटीनें नवा अफाट सांठा सांपडतो आणि भूगर्भांत, विजेच्या प्रकाशांत, एक नगर वसतें. एडिसनचा दिवा निघाला १८७९ सालीं. तेव्हां ग्रंथकाराच्या दूरदृष्टीची वाहवा करणें सोपें आहे. परंतु खरीं ठरलेलीं भाकितें मोजल्यानें जुनी विज्ञान-कादंबरी वाचून होत नाहीं.

उमरेडजवळच्या खाणी उघड्या. यंत्रें वरची माती व खडक दूर करतात आणि कोळसा सूर्यप्रकाशांतच निघतो. व्हर्नच्या नगरांतील खाणकामगार मात्र जमिनीखालीं इतके सुखी कीं वरच्या जगाची त्यांना ओढच नाहीं. स्त्रियांना व दहा वर्षांखालील मुलांना खाणींत उतरविण्यास ब्रिटनमध्यें १८४२ सालीं कायद्यानें बंदी करावी लागली, हें आठवलें म्हणजे या सुखाविषयीं शंका येते. तरीहि काळोखांत वाढलेली नेल एडिंबरोच्या टेकडीवरून जन्मांतला पहिला सूर्योदय पाहते, तो प्रसंग आजहि शिळा झालेला नाहीं.

व्हर्नला चिंता होती ती कोळसा संपण्याची. त्याच्या धुरानें पृथ्वीचें हवामान तापेल, ही शंका त्या कथेंत कोठेंहि नाहीं. आजच्या जगापुढें प्रश्न आहे तो कोळसा शिल्लक असतांनाच तो जाळणें थांबविण्याचा. तसा दिवस आला तर खाणीवर पोसलेल्या गांवानें काय करावें? व्हर्नचें उत्तर एकच : आणखी खोल शोधा. तें आतां पुरणार नाहीं. परंतु बंद खाणीला न सोडणारें कुटुंब आरंभींच उभें करून प्रश्न मात्र त्यानें अचूक मांडला आहे. आणि उमरेडच्या घरांत तो कोणाला समजावून सांगावा लागणार नाहीं.