मागच्या जिन्याची किल्ली



सूत्रसंचालकांनी प्रत्येकाला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, "सध्या काय करतेस ते सांग." माझी आई शेजारणींना सांगते, "ती अमेरिकेत कॉम्प्युटरवर असते." ते खोटं नाही. पण ह्यूस्टनमध्ये गेली चौदा वर्षं मी ज्या कामासाठी प्रोग्राम लिहिते, ते ऐकून तुम्हाला थोडं हसू येईल. न घडलेल्या अपघातांचा आम्ही सराव करून घेतो. जमिनीखालच्या पाइपलाइनमधून तेल वाहून नेणाऱ्या कंपन्या अधूनमधून "आपला पाइप फुटला" असं समजून धावपळ करतात. ती धावपळ आखायची, त्या दिवशी घड्याळ लावायचं आणि कोण कुठे कमी पडलं ते लिहून काढायचं, यासाठी लागणारं सॉफ्टवेअर आमची छोटीशी कंपनी बनवते. काही वर्षांपासून मी स्वतः परीक्षक म्हणूनही जाते. परीक्षेला घाबरणारी मी परीक्षक झाले, हे ऐकून गणिताच्या सरांना सर्वांत जास्त आश्चर्य वाटेल.

हा प्रकार आला कुठून? १९८९ च्या मार्चमध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन वाल्डेझ हे जहाज खडकावर आदळलं आणि सुमारे ४ कोटी लिटर तेल समुद्रात गेलं. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, अमेरिकेने तेलप्रदूषणाचा नवा कायदा केला. जहाजांप्रमाणे पाइपलाइनवाल्यांनाही आपत्तीचा आराखडा लिहिणं भाग पडलं. आणि नुसता आराखडा कपाटात राहू नये म्हणून १९९४ पासून सरावाची देशव्यापी पद्धत आली. तिथे तेल आणि पेट्रोल-डिझेल वाहून नेणाऱ्या पाइपलाइन लाखो किलोमीटर लांबीच्या आहेत. त्या शेतांखालून, नद्यांखालून, वस्त्यांजवळून जातात.

सरावाचे प्रकार तीन-चार आहेत. सर्वांत साधा म्हणजे फोनचा. आराखड्यात ज्या जबाबदार माणसाचं नाव आहे, त्याला फोन लावायचा आणि तो उचलतो का ते पाहायचं. वर्षातून किमान एकदा हा फोन ऑफिसची वेळ संपल्यावर करायचा. दुसरा टेबलाभोवतीचा. सगळे अधिकारी एका खोलीत बसतात आणि आम्ही त्यांच्या हातात एकेक चिठ्ठी देतो. "आत्ता वारा फिरला." "गावच्या पाणीपुरवठ्याचा फोन आलाय." "वार्ताहर दारात उभे आहेत." तिसरा प्रत्यक्ष नदीवरचा. बोटी पाण्यात सोडायच्या, बूम लावायचे. बूम म्हणजे पाण्यावर तरंगणारा लांबलचक अडसर, जो तेल अडवून काठाकडे वळवतो. शिवाय आधी न सांगता घेतलेला सरावही असतो. तीन वर्षांच्या आत आराखड्याचा प्रत्येक भाग एकदा तरी तपासून झाला पाहिजे आणि त्यात एकदा तरी सर्वांत वाईट प्रसंग धरला पाहिजे, असा नियम आहे.

सर्वांत वाईट म्हणजे किती वाईट, याचंही सूत्र आहे. गळती लक्षात यायला लागणारा वेळ अधिक पाइप बंद करायला लागणारा वेळ, गुणिले जास्तीत जास्त प्रवाह. त्यात पाइप बंद झाल्यावर आतून निथळणारं तेल मिळवायचं. सर, सातवीच्या मुलालाही येईल असं गणित आहे. पण नीट पाहिलं तर त्यातले दोन आकडे यंत्राचे नाहीत, माणसांचे आहेत. किती मिनिटांत कळेल आणि किती मिनिटांत कोणी निर्णय घेईल. ही मिनिटं कागदावर कमी लिहिली की तेलही कागदावरच कमी होतं.

मिशिगन राज्यात मार्शल नावाचं एक लहान गाव आहे. तिथे २५ जुलै २०१० च्या संध्याकाळी सहाच्या सुमारास ३० इंची पाइप फाटला. पाइप १९६९ सालचा. त्याचं नियंत्रण कॅनडातल्या एडमंटन शहरातल्या एका खोलीतून होत होतं. धोक्याच्या सूचना वाजल्या. नेमकी त्याच वेळी लाइन ठरल्याप्रमाणे बंद केली जात होती, त्यामुळे खोलीतल्यांना वाटलं, आत पोकळी झाली असेल. दाब मिळत नाही म्हणून त्यांनी पंप पुन्हा चालू केले. बंद केले. पुन्हा चालू केले. गावातले लोक रात्री वास येतोय म्हणून फोन करत होते, पण ते फोन स्थानिक अग्निशमन दलाकडे जात होते. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी एका गॅस कंपनीच्या कर्मचाऱ्याने फोन करून सांगितलं, तेव्हा एडमंटनला कळलं. सतरा तासांहून जास्त वेळ गेला होता. सुमारे ३२ लाख लिटर तेल ओढ्यातून कॅलमाझू नदीत गेलं, आणि त्यातलं ८१ टक्के त्या दोनदा पंप चालू करण्यामुळे गेलं.

हे सगळं अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या २०१२ च्या अहवालात आहे. मी तो अहवाल नोकरीच्या सुरुवातीला वाचला. दोन गोष्टी मनात राहिल्या. कारण समजलं नाही तर दहा मिनिटांत लाइन बंद करायची, असा नियम त्या कंपनीकडे आधीपासून होता. १९९१ च्या एका मोठ्या गळतीनंतर तो केलेला होता. आणि त्या खोलीतल्या माणसांना आपापल्या कामाचं प्रशिक्षण होतं, पण गोंधळाच्या वेळी सगळ्यांनी मिळून निर्णय कसा घ्यायचा याची तयारी करून घेतलेली नव्हती.

आता माझी गोष्ट. ही मी तिकडे फार जणांना सांगितलेली नाही.

काही वर्षांपूर्वी एका नदीवर सराव होता. खरं तेल ओतता येत नाही, म्हणून आम्ही वरच्या अंगाला संत्री सोडतो. हसू नका, संत्रं पाण्यात जवळजवळ बुडत बुडत, वर थोडंसं दिसत वाहतं आणि लांबून ओळखू येतं. मी पुलावर टॅब्लेट घेऊन उभी होते. आराखड्यात लिहिलं होतं, पथकाने या पुलाखालच्या काठावर ६० मिनिटांत बूम लावायचा. प्रवाह ताशी ३ किलोमीटर. एवढ्या वेगात बूम नदीला आडवा लावून चालत नाही. ताशी सव्वा किलोमीटरच्या वर पाणी गेलं की तेल बूमखालून निसटतं. तो तिरका लावावा लागतो आणि त्याला वेळ लागतो.

पथक वेळेवर आलं. पण नदीकडे उतरणाऱ्या कच्च्या रस्त्यावर एका शेतकऱ्याचं फाटक होतं आणि फाटकाला कुलूप. आराखड्यात फाटक नव्हतं. नकाशातही नव्हतं. शेतकऱ्याचा नंबर कोणाकडे नव्हता. तो सापडून, येऊन, कुलूप उघडेपर्यंत ३८ मिनिटं गेली. तेवढ्यात माझ्या पायाखालून पहिलं संत्रं गेलं. मग पाच-सहा. मग मी मोजणं सोडलं. ३८ मिनिटांत पाणी जवळजवळ दोन किलोमीटर पुढे जातं.

संध्याकाळी कंपनीचा माणूस माझ्याजवळ येऊन बसला. भला माणूस होता. म्हणाला, "कुलूप आमचं नाही. आमच्या पोरांनी काम चोख केलं. घड्याळ फाटक उघडल्यापासून धर." तुम्हाला सांगायला हवं की असे बहुतेक सराव कंपनी स्वतःच तपासते, नाही तर पैसे देऊन आमच्यासारख्यांकडून तपासून घेते. पुढच्या वर्षीचं कंत्राट त्याच्याच हातात होतं. मी घड्याळ फाटकापासून धरलं. बूम ५२ मिनिटांत लागला, असं लिहिलं. खालच्या चौकोनात "उद्दिष्ट साध्य" अशी खूण केली. माझ्याच प्रोग्राममध्ये वेळ बदलायची सोय होती. ती मीच लिहिली होती.

त्या रात्री हॉटेलात झोप आली नाही आणि मला आपल्या शाळेचा मागचा जिना आठवला.

आठवीत होतो आपण. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर शाळेत सराव झाला. आदल्या दिवशी सूचना फिरली, दोन्ही जिने झाडून ठेवले, घंटा झाल्याबरोबर आपण रांगेने मैदानावर. तीन मिनिटं. टाळ्या.

मग दिवाळीनंतर विज्ञानाच्या बाईंनी, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन पण बाकी कोणालाही न सांगता, तिसऱ्या तासाला तीच घंटा वाजवली. आपण वरच्या मजल्यावरचे शिकवल्याप्रमाणे मागच्या जिन्याने उतरलो. खाली जाळीचं दार, त्याला कुलूप. मागची मुलं उतरतच होती. माझं नाक जाळीला टेकलं होतं. माझ्यामागे कोणीतरी रडत होतं. कोण ते ती आत्ता इथे बसून हसते आहे, म्हणून नाव घेत नाही. शेवटी एक सर ओरडले, सगळे उलटे फिरलो, पुढच्या जिन्याने उतरलो. अकरा मिनिटं लागली. किल्ली शिपाईमामांच्या कमरेला होती आणि मामा बँकेत गेले होते.

मामांना कोणी बोललं नाही, हे मला आठवतं. बाईंनी मैदानावरच वहीत लिहिलं आणि आपल्याला मोठ्याने वाचून दाखवलं. अकरा मिनिटं. कुलूप. किल्ली एकाच माणसाकडे. आणि दुसऱ्या दिवशी जाळीशेजारी उंचावर एक खिळा आणि त्यावर किल्ली. बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "पहिल्या वेळी आपण पाठ केलेलं म्हणून दाखवलं. आज आपल्याला काहीतरी कळलं."

बाई, तुम्ही शिकवलेलं मी त्या नदीवर विसरले.

मी दुसऱ्या दिवशी अहवाल बदलला नाही. बदलला असं सांगायला मला आवडलं असतं. पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी दुसरी परीक्षक गेली. तेच फाटक, तेच कुलूप. तिने मला फोन करून विचारलं, "गेल्या वर्षी हे उघडं होतं का?" काय उत्तर द्यावं ते मला सुचेना. मधल्या वर्षात त्या नदीवर खरंच पाइप फुटला नाही, हे माझं नशीब. त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

त्यानंतर मी माझ्या साहेबांना सगळं सांगितलं आणि प्रोग्राम बदलला. आता पहिला फोन झाला की घड्याळ सुरू होतं आणि ते कोणालाही, मलासुद्धा, मागे-पुढे करता येत नाही. "साध्य" अशी नुसती खूण चालत नाही. काय पाहिलं ते एक वाक्य लिहावंच लागतं. अहवालात माणसाचं नाव नाही, अडचणीचं नाव येतं. कारण नाव आलं की पुढच्या वेळी माणसं अडचण लपवतात. आणि प्रत्येक अडचणीसमोर दोन रकाने आहेत: ती कोण दूर करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. ते रकाने भरल्याशिवाय अहवाल पूर्ण होत नाही. दोन ग्राहकांना हे पटलं नाही, ते दुसरीकडे गेले. त्या फाटकाला आता दोन कुलपं साखळीने जोडलेली आहेत, एक शेतकऱ्याचं आणि एक कंपनीचं. कोणतंही एक काढलं तरी फाटक उघडतं.

तुम्हा शिक्षकांसमोर हे बोलताना संकोच वाटतो. तुम्ही आमच्या सराव परीक्षा घेतल्या आणि मार्क कमी पडले म्हणून आम्ही घरी रडलो. आज कळतं की सराव परीक्षेत चुकलेलं उदाहरण हेच त्या परीक्षेचं उत्पन्न असतं. सगळं बरोबर आलं तर तो दिवस वाया गेला, असंसुद्धा म्हणता येईल.

शेवटी एक गोष्ट सांगते आणि खाली बसते, कारण जेवणाची घंटा व्हायची आहे. आज सकाळी सगळे चहा घेत होते तेव्हा मी मागच्या जिन्याने खाली गेले. जाळीचं दार तेच आहे, रंग नवा आहे. खिळा आहे, किल्ली नाही. तिघांना विचारलं, तिघांनी तीन जागा सांगितल्या. मी कोणाचंही नाव घेणार नाही. पण आपल्या मुलींपैकी दोघींची मुलं याच शाळेत, वरच्याच मजल्यावर बसतात.

मुख्याध्यापकांना मी आत्ताच भेटले. त्यांनी मनमोकळेपणाने ऐकलं. कुलूप काढून आतून उघडणारी कडी बसवायची असं ठरलं. कोण करणार: आपली बॅच. कोणत्या तारखेपर्यंत: शाळा जूनमध्ये उघडायच्या आधी. खर्च मी देते. देखरेख गावात राहणाऱ्या कोणीतरी करायची आहे. हात वर करा. आणि त्यानंतर कोणत्या दिवशी घंटा वाजवायची, ते फक्त बाई आणि मुख्याध्यापक ठरवतील. आम्हाला कोणालाही सांगू नका.